आवाज अडवणारा मैफलीला गेला

मित्रांनो, माझं काम अगदी सरळ आहे. आवाज आला की त्याला आत सोडायचं नाही. एवढ्यासाठीच मला घडवलं आणि एवढंच काम मी इमानेइतबारे केलं. मग उतारवयात मला अशा ठिकाणी नेलं, जिथे हजारो माणसं मुद्दाम आवाज ऐकायला जमली होती. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात गोंधळ आहे. खरं तर मला डोकं नाही, मी दुसऱ्याच्या डोक्यावर बसतो. पण गोंधळ उडायला स्वतःचं डोकं लागतंच असं नाही.

मी एक जुना इअरमफ आहे. कानांवर बसणाऱ्या दोन वाट्या, त्यांच्या आत स्पंज, काठाला मऊ गादी आणि दोन्ही वाट्यांना जोडणारी, डोक्यावरून जाणारी पोलादी पट्टी, एवढाच माझा संसार. रंग मुळात पिवळा. आता जुन्या दातांसारखा झाला आहे.

माझा जन्म झाला त्या दिवशी एका बाईंनी मला कानांवर चढवलं आणि शेजारणीला घंटा वाजवायला सांगितली. शेजारीण हात दुखेपर्यंत वाजवत राहिली. बाई म्हणाल्या, "काही ऐकू येत नाही. चांगला आहे." माझं पहिलं कौतुक झालं ते असं, काही ऐकू आलं नाही म्हणून.

तिथून मी एका कारखान्यात गेलो. बूटपॉलिशच्या डब्यांची झाकणं तिथे तयार होत. पोलादी साच्यावर पत्रा ठेवायचा, वरून प्रेस धाडकन खाली यायची, आणि पत्र्याचं झाकण झालेलं असायचं. या साच्याला तिथली माणसं डाय म्हणत. अशा बारा प्रेस एका छताखाली चालत. आवाज असा, की शेजारच्या माणसाने कानाशी तोंड नेऊन शिवी दिली तरी ती मिळायची नाही. म्हणून तिथे भांडणं कमी होत असावीत.

माझे मालक तीन नंबरच्या प्रेसवर होते. तेव्हा तरुण होते, किडकिडीत, मिशा नुकत्याच फुटलेल्या. कारखान्यात त्यांना सगळे वैद्य म्हणत. इतरांना जो नुसता दणका वाटायचा, त्यात त्यांना मशीनची नाडी लागायची. डाय केसभर सरकली, पत्रा थोडा जाड आला, कुठे तेल कमी पडलं, हे त्यांना मोडतोड व्हायच्या आधी कळायचं. दुसऱ्या प्रेसवरची माणसंही त्यांना बोलावून न्यायची. मग वैद्य यायचे, डाव्या अंगठ्याने माझी डावी वाटी उचलायचे, मान जराशी तिरकी करायचे, चार दणके ऐकायचे आणि नेमकं बोट ठेवायचे.

मित्रांनो, माझा पहिला गोंधळ तिथे झाला. मला आणलं होतं आवाज अडवायला आणि शाबासकी मिळत होती मी बाजूला सरकल्याबद्दल. शाबासकी अर्थात त्यांना मिळायची. फोरमन खांद्यावर थाप मारायचा. हळूहळू असं झालं की ती वाटी पुन्हा खाली येईना. सकाळी कामावर चढताना उजवी वाटी कानावर आणि डावी कानामागे, अशीच माझी बैठक ठरून गेली. सुरक्षा बघणारे साहेब फेरीवर आले की नाराज व्हायचे. दोन्ही कान झाका म्हणून बजावायचे. वैद्य हसून म्हणायचे, एक कान माझा आहे, तो झाकला आहे. दुसरा प्रेसचा आहे, तो तिला देऊन टाकलाय.

हे नुसतं बोलणं नव्हतं, हे मला फार उशिरा समजलं.

उजव्या बाजूला मात्र माझं काम चोख चाललं होतं. आणि तिथे मला एक गोष्ट ऐकू यायची, जी जगात दुसऱ्या कोणालाही माहीत नव्हती. वैद्य दिवसभर गुणगुणायचे. ओठ मिटलेले, घशातल्या घशात. बाहेर बारा प्रेस कोसळत असायच्या आणि आत, माझ्या वाटीत, एक बारीक सूर चाललेला असायचा. आवाज अडवणाऱ्याने या आवाजाचं काय करायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी तो तसाच ठेवून घेतला.

दर शनिवारी ते मला गळ्यात अडकवून घरी न्यायचे, कारण माझ्या गाद्या धुवाव्या लागायच्या. त्यामुळे त्यांचं घर मी पाहिलं. दोन खोल्या, एक पंखा, बायको आणि एक लहान मुलगी. कारखान्यातून आल्यावर पहिला तासभर त्यांच्या कानात शिट्टी वाजत राहायची आणि त्यांना काही ऐकू यायचं नाही. बायको स्वयंपाकघरातून हाका मारून दमायची. मुलीला मात्र गंमत सापडली होती. प्रेसवरची माणसं आवाजात हातांच्या खुणांनी बोलत. त्या खुणा तिने वडिलांकडून शिकून घेतल्या. तळहात समोर धरला की थांब. हवेत बोटांनी ढकलल्यासारखं केलं की पत्रा घाल, काम चालू दे. खांद्यावर दोन बोटं टेकवली की फोरमन येतोय. दोन मुठींच्या गाठी एकमेकांवर टकटक केल्या की डाय बरोबर बसली, सगळं ठीक. त्या एका तासात ती शाळा, पाढे, मैत्रिणींची भांडणं, सगळं एवढ्याच खुणांत सांगायची. मास्तर वर्गात आले की दोन बोटं खांद्यावर. बापलेक हसून लोळायची आणि आई म्हणायची, मुक्यांचा बाजार भरलाय.

मुलगी सतरा वर्षांची झाली आणि त्या घरात नवाच आवाज सुरू झाला. तिने मैत्रिणीकडून एका बँडच्या कॅसेट आणल्या. पाच लांब केसांचे पुरुष, गिटारींचा गुरगुराट, ड्रमचा भडिमार, आणि गाणारा माणूस गातोय की कोणाला हाकलतोय ते कळत नव्हतं. आत्या, म्हणजे वैद्यांची बहीण, तेव्हा पाहुणी म्हणून आली होती. तिने विचारलं, भांड्यांचं कपाट पडलं का. शेवटी वैद्य उठले. त्यांनी मला दोन्ही कानांवर चढवलं, हाताची घडी घातली आणि मुलीच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. टोमणाच होता तो. घरातसुद्धा मला हे घालून बसावं लागतंय, बघ.

मुलीने मान खाली घातली आणि टेपकडे हात नेला. तेवढ्यात सवयीने त्यांचा डावा अंगठा वर गेला. डावी वाटी उचलली, मान तिरकी झाली. बराच वेळ ते तसेच उभे होते.

मग म्हणाले, "ह्या ड्रमवाल्याची डाय बरोबर बसलीय. परत लाव."

त्या दिवशी त्यांनी जे सांगितलं ते मुलीला तेव्हा पुरतं उमगलं नाही, आणि मला तर मुळीच नाही. बाकीची गाणी त्यांना आता ऐकू येत नव्हती. रेडिओवर बाई गाते, तिचे ओठ हलत असतील असं वाटतं, पण हाती काही लागत नाही. हे मात्र लागतं. हे सगळं जाड होतं, जड होतं, आणि त्यांच्या कानात जेवढी जागा शिल्लक होती तिथे बरोबर मावत होतं. आधी ज्या आवाजाने त्यांच्या कानातली बाकीची गाणी खाल्ली, त्याच्याच जातीचं हे गाणं. मी यावर पुष्कळ विचार केला आहे. कुठेच पोचलो नाही.

त्यानंतर शनिवारची संध्याकाळ ठरून गेली. माझ्या गाद्या दोरीवर वाळत असायच्या आणि बापलेक जमिनीवर बसून तो बँड ऐकायची. त्यातलं एक गाणं त्यांचं खास होतं. त्याला ते आठमिनिटी म्हणत. सुरुवातीची तीन मिनिटं नुसती एक गिटार, हळू, जणू कोणी अंधारात जिना उतरतंय. आणि मग एकदम ड्रम. तो ड्रम यायच्या क्षणी दोघं एकमेकांकडे बघत. बस, एवढंच.

मित्रांनो, सुखाचे दिवस सांगायला फार वेळ लागत नाही. मुलीचं कॉलेज झालं, लग्न झालं, ती दुसऱ्या घरी गेली. वैद्यांची बायको आजारी पडली आणि गेली. आत्या भावाकडे कायमची राहायला आली. वैद्य निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी त्यांनी हार घरी आणला आणि मलाही. हार दोन दिवस भिंतीवर होता. मी एका खणात गेलो.

त्या खणात सुकलेल्या बॅटऱ्या होत्या, एक पेचकस होता, आणि एक टॉर्च होता, जो उजेडासाठी जन्मून अंधारात पडला होता. मला तिथे शांतता मिळाली. शांततेसाठीच तर मी झटलो होतो. मग मला ती का खायला उठत होती? माझ्या गाद्या कडक झाल्या, त्यांना भेगा गेल्या. आतला स्पंज भुगा होऊ लागला.

बाहेर काय चाललं होतं ते खणाच्या फटीतून ऐकू यायचं. फोन वाजायचा. मुलगी पलीकडून बोलायची, वैद्य मोठ्याने "हो, हो" म्हणायचे, आणि फोन ठेवल्यावर आत्याला विचारायचे, काय म्हणत होती? फोनमधून खुणा जात नाहीत. मुलगी भेटायला आली की ओरडून बोलायची, मग ओरडल्याचं तिलाच वाईट वाटायचं, मग ती गप्प बसायची. तिला मुलगी झाली होती. चिमणी म्हणत तिला. चार वर्षांची चिमणी बोलायची ते अगदी बारीक, उंच आवाजात.

एक दिवस खण उघडला. मुलगी होती. मी तिला ओळखलं, पण ती फार बदलली होती. डोळ्यांखाली काळं, आणि एक कान सतत दुसऱ्या खोलीकडे, तिथे चिमणी खेळत होती म्हणून. तिने मला उजेडाकडे धरून पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, ह्याने उंदीर तरी अडेल का?"

तेव्हा मला सगळं कळलं. तो बँड निरोपाच्या दौऱ्यावर निघाला होता. पाचही जण म्हातारे झाले होते. यानंतर कधीच वाजवणार नव्हते. आणि दौऱ्यातला एक कार्यक्रम इथून तीन तासांवर होता. वैद्यांनी वर्तमानपत्रातलं ते कात्रण मुलीच्या हातात दिलं होतं, बोलले काहीच नव्हते. आई गेल्यापासून बाबांनी स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, म्हणून तिला नाही म्हणता येत नव्हतं. हो म्हणता येत नव्हतं ते कानांच्या डॉक्टरीणबाईंमुळे.

बाईंनी तपासून स्पष्ट सांगितलं होतं. डावा कान गेला, त्यात आता शोधण्यासारखं काही नाही. उजव्यात थोडं उरलंय, तिथे ऐकण्याचं मशीन बसवलं आहे, त्याच्या जोरावर चिमणीचं बोलणं कळतंय. हा कान आता जपायचा. मोठा दणका बसला तर पहिलं जाईल ते नेमकं बारीक, उंच आवाजाचं. म्हणजे चिमणीच जाईल. मुलीने हे वहीत लिहून घेतलं होतं आणि खाली दोनदा रेघ मारली होती.

आत्याचं म्हणणं वेगळंच होतं. "जन्मभर पत्रा बडवलास, दादा. आता दुसऱ्याने बडवलेला बघायला जाणार?"

वैद्य म्हणाले, "शेवटचा दिवस आहे त्यांचा. माझ्या शेवटच्या दिवशी बारा जण थांबले होते."

मुलीने डॉक्टरीणबाईंना पुन्हा फोन केला. त्या म्हणाल्या, माझं ऐकाल तर जाऊ नका. जाणारच असाल तर स्पीकरपासून लांब उभं राहा, चांगला इअरमफ पूर्ण वेळ दोन्ही कानांवर, आणि तासाभराने बाहेर पडा. मुलीने हेही लिहून घेतलं. नवा इअरमफ आणू म्हणाली, तर वैद्य हटून बसले. नवा डोक्याला चावतो. शेवटी माझ्याच मापाच्या नव्या गाद्या आणि नवा स्पंज तिने शोधून आणला. स्वतः घालून आत्याला कानाशी ताट वाजवायला लावलं. आत्याने ते फार मन लावून केलं. मग मुलीने वडिलांसमोर बसून, ओठ दिसतील अशा बेताने, अट घातली. "वाटी उचलायची नाही. एकदाही नाही. चिमणीची शपथ."

वैद्य म्हणाले, कबूल.

चिमणीला आत्याकडे ठेवून आम्ही दुपारी निघालो. गाडीत दोघं गप्प होती. ओरडून बोलण्याइतकं महत्त्वाचं कोणाकडेच काही नव्हतं, किंवा फारच होतं. मैदानावर पोचलो तेव्हा ऊन उतरायचं होतं. आणि मित्रांनो, माझा खरा गोंधळ तिथे सुरू झाला. दाढीवाले, गोंदवलेले, काळे कपडे घातलेले धिप्पाड पुरुष एकमेकांना मिठ्या मारत होते. पांढऱ्या केसांच्या बायका नातवांना खांद्यावर घेऊन उभ्या होत्या. एवढा भीतिदायक जमाव आणि धक्का लागला तर प्रत्येक जण माफी मागत होता.

मुलीने मोठ्या स्पीकरपासून अंतर पावलांनी मोजलं. मग वीस पावलं आणखी मागे नेलं. वडिलांच्या कानातलं मशीन काढून डबीत घातलं, डबी पिशवीत, पिशवी छातीशी. मला त्यांच्या डोक्यावर बसवलं आणि गादीखाली केस अडकले आहेत का ते बोट फिरवून पाहिलं. स्वतःच्या कानात बोळे घातले. ती त्यांच्या उजव्या बाजूला उभी राहिली. तो चालणारा कान, त्याची राखण.

मग ते सुरू झालं.

बारा प्रेस मी अडवल्या होत्या, पण असा लोंढा माझ्यावर कधी आला नव्हता. आवाज नुसता कानांकडून येत नव्हता. तो जमिनीतून येत होता, बुटांतून, गुडघ्यांतून, बरगड्यांतून. त्या वाटांवर मी कसा पहारा देणार? मी जीव खाऊन दोन्ही वाट्या आवळल्या. त्यातच मला मंचावर दिसलं की ड्रमवाल्याच्या कानांवर माझाच एक भाऊबंद बसला आहे, काळ्या रंगाचा. जो माणूस आवाज करत होता, तोच तो अडवत होता. मी विचार करणं सोडून दिलं.

आणि तेवढ्यात वैद्यांनी खूण केली.

दोन मुठींच्या गाठी, टकटक. डाय बरोबर बसलीय.

मुलगी बघत राहिली. कित्येक वर्षांत तिने ती खूण पाहिली नव्हती. आजूबाजूला लोक एकमेकांच्या कानांत किंचाळत होते आणि कोणाला काही कळत नव्हतं. या दोघांना कळत होतं. तिचे हात आधी अडखळले, मग चालू लागले. तिने खांद्यावर दोन बोटं टेकवली. फोरमन येतोय. वैद्यांनी मान वळवून पाहिलं, कोण येतंय? तिने मान हलवली आणि बोटं पुन्हा टेकवली. पुन्हा. पुन्हा. मग हात गोल फिरवला, दिवस फिरतो तसा, आणि पुन्हा दोन बोटं. फोरमन. सकाळी फोरमन, दुपारी फोरमन, चिमणी झोपली तरी फोरमन.

मला काहीच समजेना. इथे फोरमन कुठला? पण वैद्यांच्या कानशिलाची शीर माझ्या गादीखाली उडू लागली, त्यावरून त्यांना समजलं असावं. आई झाल्यापासून आपल्या मागे कोणीतरी सारखं उभं आहे, चूक धरायला, असं ती सांगत होती. हे तिने नवऱ्याला सांगितलं नव्हतं, आत्यालाही नाही. घरच्या शांततेत तोंडाने बोलता आलं नाही ते तिने इथे, या कल्लोळात, प्रेसवरच्या पाच-सहा खुणांत सांगितलं.

वैद्यांनी आपल्या खांद्यावरून काहीतरी झटकल्यासारखं केलं. मग तिच्याकडे बोट दाखवलं, मुठींच्या गाठी वाजवल्या, आणि हवेत बोटांनी ढकललं. मशीन चांगलं आहे. पत्रा घालत राहा.

ती हसली की रडली, मला नक्की सांगता येणार नाही. दोन्हीत खांदे हलतात.

तासाला थोडा अवकाश होता तेव्हा मंचावर एकच गिटार उरली. हळू. जिना उतरणारी. मैदान गप्प झालं. गाणारा म्हातारा स्टुलावर बसला. आठमिनिटी सुरू झालं होतं.

ते वैद्यांना ऐकू येणं शक्य नव्हतं. एवढा नाजूक सूर मी मुळीच आत सोडत नव्हतो. पण त्यांना कसं कोण जाणे कळलं, बहुधा लोकांच्या माना बघून. आणि माझ्या उजव्या वाटीत, कितीतरी वर्षांनी, तो घशातला सूर सुरू झाला. ते गिटारीबरोबर गुणगुणत होते. सूर बरोबर होता की नाही ते मला ठरवता येत नाही, पण पायऱ्या बरोबर पडत होत्या.

मग त्यांनी मुलीकडे पाहिलं, माझ्या वाटीवर बोट टेकवलं आणि तेच बोट वर केलं. एकदा.

मुलीने तळहात समोर धरला. थांब.

बोट तसंच राहिलं. तिने दुसरा हात उचलला आणि माझ्या उजव्या वाटीवर दाबून धरला. एका बाजूला त्यांची नाडी, दुसऱ्या बाजूला तिची, मध्ये मी. वाटी उचलली गेली तर चिमणीचं बोलणं जाणार. नाही उचलली तर हा माणूस, ज्याने एवढं एकच मागितलं, आपल्या आवडत्यांच्या निरोपाला कान झाकून उभा राहणार. मित्रांनो, आवाज अडवणं हेच माझं ब्रीद. तरी त्या क्षणी मी कोणाच्या बाजूने होतो, ते मला आजही सांगता येत नाही.

ड्रम आला.

त्यांचा अंगठा वर गेला. डावा अंगठा. डावी वाटी उचलली गेली, मान जराशी तिरकी झाली.

मुलीने ती बंद करायला झडप घातली, आणि अर्ध्यावर थांबली. तिने कोणती वाटी ते पाहिलं. जो कान त्यांनी प्रेसला देऊन टाकला होता, ज्यात घालवण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि ऐकू येण्यासारखंही काही नव्हतं, तो त्यांनी उघडला होता. डोळे मिटून, मान तिरकी करून, मशीनची नाडी बघायला उभे राहावेत तसे ते उभे होते. बंद उजव्या बाजूला मी होतो आणि माझ्यावर तिचा हात.

मग तिने तो हात काढून घेतला.

उरलेली पाच मिनिटं माझी उजवी वाटी जागची हलली नाही. ना तिने दाबली, ना त्यांनी उचलली.

परतताना गाडीत दिवा लावून तिने विचारलं, ओठ दिसतील असं, ओरडून नव्हे. शपथ मोडलीत. सवयीने उचललीत की जाणूनबुजून? आणि ऐकू काय आलं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं नाही. मी त्यांच्या डोक्यावर होतो, तरी ते मलाही माहीत नाही. दुसऱ्याचं दिलं.

"ऐकू काही आलं नाही. पण कोणी शेवटचं भेटायला आलं, तर आपण दार लावून बसायचं का?"

मुलीने दिवा मालवला. पण खात्री करून घेतल्याशिवाय ती राहणारी नव्हती. सकाळी उठल्याबरोबर तिने वडिलांच्या कानात मशीन बसवलं, त्यांना चहा दिला आणि खिडकीकडे तोंड करून बसवलं. मग चिमणीला त्यांच्या पाठीमागे पाच पावलांवर उभं केलं आणि कानात सांगितलं, हळूच काहीतरी बोल, अगदी हळू. स्वतः दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मी टेबलावर होतो. त्या वेळी खोलीत माझी काहीच गरज नव्हती, तरी माझी पट्टी ताणल्यासारखी झाली.

चिमणीने विचार केला. मग तिच्या त्या बारीक आवाजात म्हणाली, "आजोबा, चहात माशी आहे."

वैद्यांनी कप उजेडाकडे धरला आणि आत डोकावून पाहिलं.

मुलगी चौकटीतच खाली बसली. आत्याने विचारलं, आता हिला काय झालं.

तर मित्रांनो, गोंगाटात जाल तेव्हा माझ्यासारख्या एकाला बरोबर न्या आणि दोन्ही वाट्या नीट बसवा. गेलेला कान परत येत नाही, शाबासकी कितीही मोठी असो. तुमच्या घरात कोणी नुसतंच "हो, हो" म्हणत असेल, तर त्याच्यावर ओरडू नका. समोर जाऊन बसा, तोंड दिसू द्या, हात वापरा. आणि आम्हाला खणात टाकून देऊ नका. आमच्या गाद्या कडक झाल्या की बदला. एवढं मला नक्की समजतं. माणसं आवाजाकडे का जातात, ते अजून समजलेलं नाही.